हातात निश्चल बसलेला पक्षी खरोखर शांत असतो का? पक्ष्यांच्या मेंदूतील ताणनियंत्रणाविषयी प्रश्न

माळटिटवी

नमस्कार. अभ्यासासाठी पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालण्याच्या कामात मी मदत करते. जाळ्यातून सोडवलेले काही पक्षी ओरडतात, चावतात, तर काही अगदी निश्चल राहतात, आणि अशा पक्ष्याकडे पाहून ‘हा घाबरलेला नाही’ असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही, परंतु त्यामागचे शरीरशास्त्र नीट मांडता येत नाही. ताणाला किती प्रतिसाद द्यायचा हे मेंदूचा कोणता भाग ठरवतो, आणि तो प्रतिसाद थांबवतो कोण? विणीच्या काळात काही पक्षी सुटल्यावर लगेच घरट्याकडे परततात. त्यांच्या मेंदूत त्या काळापुरता काही बदल झालेला असतो का?

शरीरक्रिया

आपली शंका अगदी रास्त आहे. निश्चलता हे अनेकदा भीतीचेच एक रूप असते. जपानी लावा पक्ष्याला क्षणभर उताणा धरून ठेवले, तर हात काढून घेतल्यावरही तो काही काळ हलत नाही, आणि हा काळ जितका मोठा तितकी भीती अधिक असे संशोधक मानतात. फ्रान्समधील नूझिली येथे याच गुणावर पिढ्यान्‌पिढ्या निवड करून दीर्घकाळ आणि अल्पकाळ निश्चल राहणारे लाव्यांचे दोन वेगळे वंश तयार करण्यात आले. म्हणजे हा गुण बराचसा आनुवंशिक आहे.

शरीरात मात्र त्या वेळी दोन यंत्रणा चालू झालेल्या असतात. पहिली मज्जातंतूंची. तिच्यामुळे हृदयाचे ठोके क्षणार्धात वाढतात आणि मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल ग्रंथीतून ॲड्रिनलीन व नॉरॲड्रिनलीन रक्तात येतात. दुसरी संप्रेरकांची, आणि ती तुलनेने संथ असते. मेंदूच्या तळाकडील हायपोथॅलॅमस या भागातील पॅराव्हेन्ट्रिक्युलर केंद्रकातील (केंद्रक म्हणजे चेतापेशींचा पुंजका) चेतापेशी सीआरएच आणि व्हॅसोटोसिन ही दोन रसायने सोडतात, त्यांच्या प्रभावाने मेंदूखालची पियूष ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक रक्तात सोडते, आणि ते ॲड्रिनल ग्रंथीपर्यंत पोहोचले की तेथून कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरक स्रवते. माणसात जे काम मुख्यतः कॉर्टिसॉल करते, ते पक्ष्यांत कॉर्टिकोस्टेरॉन करते. सस्तन प्राण्यांच्या ॲड्रिनल ग्रंथीत बाहेरचा आणि आतला असे दोन स्पष्ट थर असतात; पक्ष्यांत मात्र या दोन प्रकारच्या ऊती एकमेकींत मिसळलेल्या असतात.

या दुसऱ्या मार्गाला वेळ लागतो, म्हणूनच पकडल्यापासून साधारण 3 मिनिटांच्या आत घेतलेला रक्ताचा नमुना पकडण्यापूर्वीची स्थिती दाखवतो असे मानले जाते. त्यानंतर पक्ष्याला कापडी पिशवीत ठेवून ठरावीक अंतराने, बहुधा 30 ते 60 मिनिटांपर्यंत, पुढचे नमुने घेण्याची पद्धत जॉन विंगफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केली. आपल्या प्रश्नाचे सर्वांत थेट उत्तर मला येथेच दिसते: अंधाऱ्या पिशवीत पक्षी गुपचूप बसलेला असतो, आणि त्याच वेळी त्याच्या रक्तातील कॉर्टिकोस्टेरॉन चढत असते.

कुक्कुटवैद्य

वरील उत्तरात कोंबड्यांवरील संशोधनाची भर घालतो, कारण त्यामुळे पाठ्यपुस्तकातील चित्र थोडे बदलले आहे. सीआरएच केवळ हायपोथॅलॅमसमध्येच असते असे नाही. अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठात वेन क्युन्झेल यांच्या गटाने दाखवून दिले, की हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागाच्या दोन बाजूंना जोडणाऱ्या तंतूंलगतच्या एका लहान केंद्रकातही सीआरएच तयार करणाऱ्या चेतापेशी असतात. कोंबड्यांचे खाद्य काढून घेतल्यावर या केंद्रकातील सीआरएचच्या जनुकाची क्रियाशीलता आधी वाढली आणि पॅराव्हेन्ट्रिक्युलर केंद्रकातील त्यानंतर. हायपोथॅलॅमसच्याही अगोदर जागी होणारी अशी एक जागा पक्ष्यांच्या मेंदूत असणे ही मला फार महत्त्वाची गोष्ट वाटते.

व्हॅसोटोसिनविषयीही सांगायला हवे. सस्तन प्राण्यांतील व्हॅसोप्रेसिनचे हे पक्ष्यांतील प्रतिरूप, आणि शरीरातील पाणी राखण्याचे कामही तेच करते. सीआरएच आणि व्हॅसोटोसिन दोन्ही एकाच वेळी पियूष ग्रंथीपर्यंत पोहोचले, तर एसीटीएचचे प्रमाण एकट्या कोणत्याही रसायनापेक्षा पुष्कळ अधिक वाढते.

माळटिटवी

दोघांचेही मनापासून आभार. परंतु समोरची वस्तू धोक्याची आहे हे हायपोथॅलॅमसला कळवतो कोण? आणि थांबवण्याचा व विणीचा प्रश्न अजून उरलाच आहे.

शरीरक्रिया

धोका ओळखण्यात आर्कोपॅलियम या मेंदूच्या भागाचा आणि त्यालगतच्या, ॲमिग्डालासदृश (ॲमिग्डाला म्हणजे सस्तन प्राण्यांत भीतीशी निगडित भाग) केंद्रकांचा मोठा वाटा आहे. तेव्हा आर्किस्ट्रिएटम म्हटल्या जाणाऱ्या या भागाला इजा केलेली रानटी मॅलार्ड बदके माणसापासून पूर्वीसारखी पळत नाहीत, हे 1964 मध्येच नोंदवले गेले होते. सिॲटल येथे जॉन मार्झलफ यांनी कावळ्यांवर केलेला प्रयोग तर प्रसिद्धच आहे. विशिष्ट मुखवटा घालून पकडलेल्या कावळ्यांना पुढे तोच मुखवटा दाखवला आणि नंतर त्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन (कोणता भाग क्रियाशील आहे हे दाखवणारे चित्रण) केले, तेव्हा ॲमिग्डालाचा भाग, थॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभ क्रियाशील झालेले आढळले. खाऊ घालणाऱ्या माणसाचा मुखवटा पाहिलेल्या कावळ्यांत वेगळेच भाग उजळले होते. हे निष्कर्ष 2012 मध्ये प्रकाशित झाले.

थांबवण्याचे काम कॉर्टिकोस्टेरॉन स्वतःच करते. मेंदूत त्याचे दोन प्रकारचे ग्राही (संप्रेरक ज्यांना जोडले जाते ती पेशींतील प्रथिने) असतात: एक अल्प प्रमाणातही त्याला बांधून घेतो, तर दुसरा प्रमाण बरेच वाढल्यावरच पुरेसा भरतो. हा दुसरा भरू लागला, की हायपोथॅलॅमस आणि पियूष ग्रंथी यांचे स्रवण कमी होते. हिप्पोकॅम्पसमध्येही हे ग्राही असतात. झेब्रा फिंचच्या पिल्लांना लहानपणी जादा कॉर्टिकोस्टेरॉन दिले, तर मोठेपणी त्यांचा ताणप्रतिसाद अधिक तीव्र आणि लांबलेला आढळतो, म्हणजे प्रतिसाद आवरण्याची ही क्षमता बालपणीच्या अनुभवाने घडते.

तुतारी

विणीबद्दल मी लिहितो. 1998 मध्ये विंगफील्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या कल्पनेनुसार कॉर्टिकोस्टेरॉन वाढले, की पक्षी चालू काम सोडून जीव वाचवण्याकडे वळतो. वीण चालू असताना असे वळणे म्हणजे अंडी किंवा पिल्ले सोडून देणे. 64 जातींच्या माहितीचा एकत्रित अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला; ज्या जातींच्या दृष्टीने चालू विणीचे मोल अधिक, त्यांचा विणीच्या काळातील ताणप्रतिसाद सौम्य असतो, असे त्यात दिसले. त्यामुळे घरट्याकडे लगेच परतणाऱ्या पक्ष्याला ‘निर्भय’ म्हणण्याची घाई करू नये.

पिसे झडून नवी येण्याच्या काळातही अनेक जातींत कॉर्टिकोस्टेरॉन सर्वांत कमी असते. हे संप्रेरक प्रथिनांचे विघटन करते, आणि पिसे प्रथिनांचीच बनलेली असतात. युरोपीय मैनांच्या त्वचेखाली ते बसवल्यावर पिसांची वाढ मंदावल्याचे 2005 मध्ये दिसून आले. ताणप्रतिसादावरचा हा लगाम नेमका कोठे खेचला जातो हे तपासण्याची रीतही सोपी आहे. पक्ष्याला बाहेरून एसीटीएच टोचावे: कॉर्टिकोस्टेरॉन भरपूर वाढले, तर ग्रंथी सक्षम आहे आणि आवर वरून, म्हणजे पियूष ग्रंथी किंवा मेंदूकडून घातला जात आहे; वाढले नाही, तर ग्रंथीची संवेदनशीलताच घटली आहे. आर्क्टिकमधील पक्ष्यांवर अशा चाचण्या झाल्या आहेत, आणि हे उत्तर जातीनुसार व ऋतूनुसार बदलते.