'इन्सिडेंटल फाइंडिंग'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
बाबांच्या कंबरेचा एमआरआय केला. रिपोर्टात मणक्यांवर दीड पान आणि तळाशी एक ओळ: डाव्या किडनीत १.८ सेंमीची साधी सिस्ट, इन्सिडेंटल. आईनं अर्थ विचारला, मी 'अपघाताने दिसलेली' म्हणून मोकळा झालो. "अपघात? कधी झाला?" आता घरात तोच विषय. शब्दकोशात 'आनुषंगिक' मिळाला. तो चालेल?

प्रतिसाद:
नाही चालणार. अनुषंग म्हणजे जोड, संबंध. सरकारी कागदांतला 'आनुषंगिक खर्च' मुख्य खर्चाला धरूनच येतो. इथे सांगायचंय नेमकं उलटं, की या सिस्टचा कंबरदुखीशी काही संबंध नाही. आणि 'फाइंडिंग'ला 'निष्कर्ष' तर मुळीच नको. निष्कर्ष डॉक्टर काढतात, सिस्ट नुसती दिसते. पक्षीनिरीक्षक 'आढळ' म्हणतात, तो शब्द उचला.

प्रतिसाद:
इंग्रजीत 'इन्सिडेंटालोमा' असाही एक विनोदी वाटणारा पण रीतसर शब्द आहे. १९८२ पासून तो किडनीवर बसलेल्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीतल्या, दुसरंच काही तपासताना दिसलेल्या गाठींना लावतात, हल्ली १ सेंमी आणि त्याहून मोठ्या असतील तर. 'ओमा' म्हणजे अर्बुद. मराठीत 'योगायोगार्बुद' करावं म्हटलं तर रुग्ण नावानंच आडवा होईल!

प्रतिसाद:
संस्कृतात घुणाक्षरन्याय आहे. किडा लाकूड पोखरतो आणि चुकून अक्षर उमटतं. फक्त आपल्याकडे किडा निर्दोष, अक्षर वाचणाऱ्याला घाम.

प्रतिसाद:
मी 'अवांतर आढळ' सुचवतो. अवांतर वाचन म्हणतो तसंच, नेमलेल्या विषयाबाहेरचं. आणि आईंशी बोलताना 'कंबर बघताना जाता जाता दिसलेली' एवढंच. 'गाठ' म्हणू नका. किडनीतल्या साध्या सिस्टला लोक 'पाण्याची पिशवी' म्हणतात, ते कमी घाबरवतं आणि खरंही आहे. पन्नाशीनंतर अशा पिशव्या कितीतरी जणांच्या किडनीत असतात.

प्रतिसाद:
अवांतर आवडला, पण त्यात 'सोडून द्या' असा सूर येतो. पोटाच्या सीटीत फुफ्फुसांचा तळ येतोच. तिथे दिसलेली भरीव गाठ ६ मिमीपेक्षा लहान आणि माणसाला धोका कमी असेल, तर फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या रेडिओलॉजीतल्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७ च्या सूचनांप्रमाणे सहसा पुन्हा सीटी करत नाहीत. मोठी असेल तर करतात. अवांतर दोन्ही. शब्द फक्त 'शोधायला गेलो नव्हतो' इतकंच सांगतो, पुढचं काय ते मापावर आणि रूपावर ठरतं.

मूळ प्रश्नकर्ता:
आईला 'अवांतर' सांगितलं. तीस वर्षं शाळेत शिकवलंय तिनं. लगेच म्हणाली, "म्हणजे परीक्षेला नाही ना?" काल डॉक्टरांना तसंच विचारलं. ते हसले. "साधी सिस्ट परीक्षेला नसते," म्हणाले, आणि परत मणक्यांकडे वळले.