समांतर रेषेचं समीकरण : चिन्ह कुठं चुकायलंय?

खानापूर_फर्स्ट_पीयूसी :
दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पीयूसीत (अकरावीत) सगळं इंग्रजीत, त्यामुळं शब्द आणि चिन्हं दोन्हींचा घोळ होतोय. गणित असं : २क्ष − ३य + ७ = ० ह्या रेषेला समांतर आणि (४, −१) मधून जाणारी रेषा काढा. चढ −२/३ धरला, उत्तर २क्ष + ३य − ५ = ० यायलंय. पुस्तकात २क्ष − ३य − ११ = ० आहे. बिंदू घालून बघितला तर माझ्या समीकरणातही बसतोय की!

निपाणी_गणित :
बिंदू बसला म्हणजे रेषा तिथून जाते, एवढंच कळलं. समांतर आहे का, ते त्यातून कळत नाही.

चढ म्हणजे तुमचा स्लोप. क्षचा सहगुणक भागिले यचा सहगुणक, आणि पुढे उणे. इथं यचा सहगुणक ३ नाही, −३ आहे. सूत्रातला उणे तू घेतलास, समीकरणातला विसरलास. −(२ ÷ −३) = २/३. खात्री नसेल तर य एकटा करून बघ : ३य = २क्ष + ७, म्हणजे य = (२/३)क्ष + ७/३. चढ समोरच दिसतो.

पुढं बिंदू-चढ सूत्रात बिंदू आणि चढ घाल : य + १ = (२/३)(क्ष − ४). ३ नं गुणलं की ३य + ३ = २क्ष − ८, म्हणून २क्ष − ३य − ११ = ०. गुणताना डावीकडचा १ तसाच राहिला तर शेवटी −११ ऐवजी −९ येतं. वह्या तपासताना ही चूक हमखास सापडते.

अथणीकर :
सर म्हणतात ते बरोबर, पण चढ काढायचाच कशाला? समांतर रेषेत क्ष आणि यचे सहगुणक तेच ठेवायचे, फक्त स्थिरपद बदलायचं. २क्ष − ३य + क = ० लिही, बिंदू घाल : ८ + ३ + क = ०, क = −११. संपलं. कर्नाटकच्या सीईटीत (प्रवेश परीक्षेत) गणिताला ८० मिनिटांत ६० प्रश्न असतात, तिथं हेच परवडतं. पर्यायांत ४क्ष − ६य − २२ = ० दिसलं तर गोंधळू नको, तीच रेषा आहे.

उभ्या रेषेला चढ नसतो, तिथं बिंदू-चढ सूत्र अडतं. क्ष = ५ ला समांतर, (−२, ३) मधून? सरळ क्ष = −२. आणि क मूळ स्थिरपदाएवढाच आला, तर दिलेला बिंदू मूळ रेषेवरच आहे. वरच्या रेषेत (१, ३) घालून बघ, क = ७ येतो.

खानापूर_फर्स्ट_पीयूसी :
कळलं. आता ३क्ष + ४य − १० = ० ला समांतर आणि ४ एकक लांब असलेली रेषा पाहिजे. स्थिरपदात ४ मिळवले तर चालतील?

निपाणी_गणित :
नाही. उसाच्या सऱ्या डोळ्यांपुढं आण. दोन सऱ्यांत चार फूट म्हणजे टेप सरीला काटकोनात धरून चार फूट, तिरका धरून नव्हे. म्हणून स्थिरपदांतला फरक सहगुणकांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळानं भागावा लागतो. इथं √(९ + १६) = ५. अंतर ४ हवं तर फरक २० पाहिजे. तू ४ मिळवलेस तर अंतर जेमतेम ०.८ होईल.

−१० + २० आणि −१० − २०, दोन्ही घे, कारण सरी दोन्ही अंगाला असते : ३क्ष + ४य + १० = ० आणि ३क्ष + ४य − ३० = ०. एकच लिहिलीस तर निम्मं उत्तर.

अथणीकर :
त्यात एक भर. दुसरी रेषा ६क्ष + ८य + २० = ० अशी दिली असेल तर आधी २ नं भाग, मगच स्थिरपदांची वजाबाकी कर. न भागता २० आणि −१० चा फरक ३० घेऊन ५ नं भागलंस तर अंतर ६ येईल, आणि पर्यायांत ६ ठेवलेलाच असतो. खरं अंतर ४.