पाचट ठेवा म्हणून सांगून झालं, पण ठेवलं का हे मोजायचं कसं?

कृष्णाकाठ_वाळवा:
मंडळी, मी एका कारखान्याच्या शेतकी विभागात आहे (नाव नको). खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटणाऱ्या पिकात) पाचट, म्हणजे उसाची वाळली पानं, पेटवायचं नाही यावर दोन हंगाम गावोगाव मेळावे घेतले, आता साहेब म्हणतात यश आकड्यात दाखव. माझ्याकडं नुसत्या हजेरीच्या वह्या आणि पाचट कुजवणाऱ्या जिवाणूच्या पिशव्या वाटल्याची यादी. आणि रात्री कराडकडनं येताना रस्त्याच्या दोन्ही अंगाला फड पेटलेले दिसतात. काय मोजू?

खोडवा_बहाद्दर:
हजेरीचं काय घेऊन बसलाय, मेळाव्याला आम्ही जेवायला पण येतोय. मी ठेवलंवतं पाचट, ऊस पिवळा पडला, म्हातारा म्हणला पेटव ते. त्यात पाटपाणी, पाणी पुढं सरकंना, उंदरं वेगळी, आणि शेजाऱ्यानं काडी लावली की आपलं पण जातंयच.

पाडेगाव_पंथी:
बहाद्दर, युरिया टाकलावता का खरं सांगा. शिफारस टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो जिवाणू अशी आहे. हेक्टरी ८-१० टन पाचट धरलं तर युरिया दीड-पावणेदोन पोती झाला. जिवाणू पाचट कुजवताना जमिनीतलं नत्र आधी स्वतःच खातात, मग ऊस पिवळा पडणारच की.

खोडवा_बहाद्दर:
न्हाई टाकला. पिशवी फुकट मिळाली तेवढी टाकली.

मिरजेचा_पीएसएमवाला:
हेच तर मोजायचं! आमच्याकडं (पीएसएम म्हणजे समाजाच्या आरोग्याचा विभाग) जुलाबाच्या पोराला झिंक १४ दिवस द्यायचं असतं, तिसऱ्या दिवशी जुलाब थांबला की आई बंद करते आणि रजिस्टरला मात्र 'वाटप पूर्ण'. १९९९ साली री-एम (RE-AIM) नावाची, कार्यक्रम खरंच कितपत राबला ते तपासायची चौकट आली, त्यात पाच प्रश्न आहेत: किती जणांपर्यंत पोचलं, फायदा झाला का, राबवणाऱ्यांपैकी किती जणांनी मनावर घेतलं, सांगितलं तसंच केलं का, आणि टिकलं का. तुमची वही फक्त पहिल्याचं उत्तर देते, ते पण अर्धंच, कारण जे आलेच नाहीत ते कोण हे तुम्हाला कुठं माहितीय. बहाद्दरांच्या रानात संशोधन फेल गेलं नाही, अंमल अर्धा झाला, हे दोन वेगळे रकाने ठेवा नाहीतर सगळं खापर पाचटावर फुटतं. तोडीनंतर पंधरा दिवसांनी काही प्लॉट चिठ्ठ्या टाकून निवडा, स्वतः जाऊन बघा पाचट आहे का, युरिया पडला का, आणि पुढच्या हंगामात परत तेच शेतकरी गाठा. पेटवणाऱ्याला का पेटवलं ते पण विचारा, पण दरडावून नको.

कृष्णाकाठ_वाळवा:
पटलं. चिटबॉयकडं (कारखान्याचा गावातला उसाच्या नोंदी ठेवणारा माणूस) गट नंबर आहेत, त्यातनंच चिठ्ठ्या काढतो. बहाद्दर, तुमचा नंबर निघाला तर चहा ठेवा.

खोडवा_बहाद्दर:
चहा ठेवतो, येताना युरिया घेऊन या.