वाडीच्या चौकात आधी कोणी जायचे?

प्रश्न (सड्यावरचा): आमच्या वाडीतून बाजारपेठेकडे जाणारा आणि बंदराकडून येणारा, असे दोन सारख्याच रुंदीचे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, तिथे सिग्नल नाही, पोलीस नाही की पाटी नाही, शिवाय चिऱ्याचे गडगे (कुंपणाच्या दगडी भिंती) थेट कोपऱ्यापर्यंत आल्यामुळे आडव्या रस्त्यावरची गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. गेल्या आठवड्यात माझ्या डावीकडून आलेली रिक्षा आणि माझी दुचाकी एकाच वेळी चौकात शिरल्या. धडक थोडक्यात टळली, परंतु "हॉर्न मी आधी दिला होता" हे रिक्षाचालकाचे पालुपद काही संपेना. असा नियम खरोखर आहे का?

उत्तर (जुना चालक): नाही. हॉर्न ही केवळ सूचना आहे. त्याने वाट मिळवण्याचा हक्क निर्माण होत नाही. नियंत्रण नसलेल्या चौकात, दोन्ही रस्ते समान दर्जाचे असल्यास, आपल्या उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे, असा नियम आहे. आपण रिक्षाच्या उजवीकडे होतात, म्हणून थांबणे रिक्षाचालकाचे काम होते. यामागचे कारणही साधे आहे: आपण डाव्या बाजूने वाहने चालवतो, त्यामुळे उजवीकडून येणारी गाडी आडव्या रस्त्याच्या आपल्या बाजूच्या अर्ध्या भागातून येते आणि आपल्याला आधी आडवी जाते, तर डावीकडची गाडी पलीकडच्या अर्ध्या भागातून येत असल्याने तिच्यासाठी थोडा अधिक अवधी मिळतो. अर्थात, गडग्याआडचे दिसत नसताना आपणही वेग कमी करायला हवा होता, हे नमूद करतो.

उत्तर (घाटवाट): वरील उत्तराला एक पुरवणी आवश्यक वाटते, कारण उजवीकडचा हा नियम मुंबई-गोवा महामार्गावरच्या हातखंब्याच्या तिठ्यावर कोणी लावू पाहील तर अनर्थ होईल. मुख्य रस्त्यावर शिरताना, वाहन कोणत्याही बाजूचे असो, मुख्य रस्त्यावरील वाहतुकीलाच प्राधान्य असते. उलटा त्रिकोण असलेली पाटी हेच सांगते. अरुंद घाटात निकष पुन्हा वेगळा आहे: दोन वाहने सुखरूप पार होण्याइतकी रुंदी नसेल, तर उतरणाऱ्याने कडेला थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी. चिरा भरलेला ट्रक चढणीवर एकदा थांबला की पुन्हा हलवताना मागे घसरतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा नियम पाठ करावा लागत नाही.

सड्यावरचा: दोघांचेही आभार. चौकात बहिर्वक्र आरसा बसवावा आणि कोपऱ्यावरचा गडगा कमरेइतका उतरवावा, असा अर्ज ग्रामपंचायतीकडे देत आहे. गडग्याचा मालक माझा चुलतभाऊच असल्याने तो भाग अधिक कठीण जाईल.