‘चोवीस तास सगळ्यांना सारखेच’ म्हणणाऱ्यांना उत्तर

माजलगावकर
काल पहाटपक्षी यांनी स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी वेळेचा तक्ता टाकला आणि लिहिलं, ‘चोवीस तास सगळ्यांना सारखेच मिळतात. वेळ पुरत नाही म्हणणाऱ्याने सरळ गावी परत जावं.’ रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

वेळेच्या नियोजनाची पुस्तकं मीही वाचली आहेत. गेल्या उन्हाळ्यात पाच वाचली, अभ्यासिकेतल्या मित्राकडून मागून घेऊन. पहिल्या दोन पुस्तकांनी हुरूप आला, वहीत रकाने आखले. तिसऱ्यात फ्रेडरिक टेलर हा अमेरिकन इंजिनियर भेटला. स्टॉपवॉच घेऊन कामगारांची हालचाल न् हालचाल मोजणारा. अमेरिकेतल्या बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात एक गडी दिवसाला साडेबारा टन लोखंड उचलायचा, याने ते साडेसत्तेचाळीस टनांवर नेलं. काम जवळजवळ चौपट झालं. मजुरी मात्र १.१५ डॉलरची १.८५ डॉलर. १९११ साली त्याने स्वतःच हे अभिमानाने छापलं. माझे आईवडील उचल घेऊन ऊसतोडीला जातात. त्यांच्या कोयत्यालाही, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, टनावरच पैसे मिळतात. ते दोन आकडे वाचले, पुस्तक मिटलं आणि खाली जाऊन टपरीवर उभा राहिलो. उरलेल्या दोन पुस्तकांत मी एकच गोष्ट शोधत होतो: वाचलेला वेळ शेवटी कोणाच्या पदरात पडतो? कुठेच सापडली नाही.

आता माझे चोवीस तास. पुण्यात नवी पेठेत एका खोलीत सहा कॉट, बाथरूम एक. सकाळी नंबर लावायचा. संध्याकाळी ५ ते १० औषधाच्या दुकानात उभं राहायचं, कारण अभ्यासिकेची फी घरून येत नाही. त्यात रविवारी संध्याकाळी मेस बंद. दुकान सुटल्यावर शास्त्री रोडला उपाशी फिरायचं, नाहीतर वडापाववर भागवायचं. हे तास तुमच्या तक्त्यात कोणत्या रकान्यात बसवू?

पहाटपक्षी
मी इंदापूरचा. माझ्याही खोलीत पाच जण होते. मी दोन वर्षं परिस्थितीला दोष दिला आणि दोनदा पूर्वपरीक्षेतच गळलो. मग एका रात्री मोबाईलने दाखवलं, दिवसात ४ तास ५० मिनिटं स्क्रीनवर गेलेत. ते तास कोणी मालकाने नेले नव्हते, मीच घालवले होते. त्या रात्री मी रडलो.

पंचवीस मिनिटं अभ्यास आणि पाच मिनिटं विश्रांती ही पद्धत कुठल्या कारखानदाराने काढलेली नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस इटलीतल्या फ्रान्चेस्को सिरिलो नावाच्या विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून ती सुरू केली, स्वतःच्या अभ्यासासाठी. तुम्ही टेलर पकडून बसलात, हा माणूस सोडून दिलात. दुकानात जायच्या आधीच्या वेळाचं बोला. त्यात किती जातो फोनवर?

मेसकाकूंची लेक
माजलगावकर, तुमचं सगळं पटत होतं. आईवडिलांचं वाचून तर गलबलून आलं. रविवारच्या ओळीला मात्र डोकं तडकलं.

माझी आई सदाशिव पेठेत मेस चालवते. ६० मेंबर. साडेचारला उठते. दुपारी चार पोळ्या आणि रात्री तीन, म्हणजे माणशी सात धरा. आई आणि मावशी, दोघींच्या हातून दिवसाला चारशेच्या वर पोळ्या जातात. तिच्या उजव्या अंगठ्याचं टोक तव्याच्या कडेला भाजून भाजून गुळगुळीत झालंय. आधारचे ठसे घेताना मशीन तो अंगठा ओळखत नाही. रविवारी दुपारी फिस्ट, पुऱ्या, मसालेभात, गोड. भांडी आवरेस्तोवर चार वाजतात. त्यानंतर आठवड्यात पहिल्यांदा ती पाय पसरून बसते. तुम्हाला नेमका तोच वेळ हवाय?

माजलगावकर
कोणाच्या आईबद्दल बोललो नाही मी. पण पूर्ण महिन्याचे पैसे आगाऊ भरतो. सलग तीन दिवस गावी गेल्याशिवाय खाडा धरत नाहीत, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वळते करत नाहीत. परीक्षेला दोन दिवस बाहेरगावी गेलो तर ते डबे बुडाले. त्याचा हिशेब कोण देणार?

पहाटपक्षी
खाड्याच्या बाबतीत माजलगावकर बरोबर आहेत. आमच्या मेसला पाच दिवसांची अट होती.

मेसकाकूंची लेक
वा, भांडत होतात ना दोघं! खाडा आदल्या रात्री सांगितला तर धरता येतो. सकाळी दहाला फोन येतो तेव्हा कणीक मळून झालेली असते. ती कणीक काय तुमच्या तक्त्यात ठेवू? बाराला गॅस बंद करावा म्हटलं तर तीनला एखादा येतो, ‘काकू, लेक्चर लांबलं.’ त्याला आई कधी नाही म्हणत नाही. तुमची पंचवीस मिनिटं तिच्या वेळावर उभी आहेत, दोघांचीही.

सेकंड शिफ्ट
मुलांनो, मी चिंचवडला ३१ वर्षं कारखान्यात काढली. रविवार आपोआप मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी तो मागत होते. मालकांनी मान्य केला १० जून १८९० ला. त्याच वर्षीच्या एप्रिलमधल्या सभेला दहा हजार कामगार जमले होते आणि त्यात दोन कामगार बायका उठून बोलल्या होत्या. माजलगावकर, टेलरचा हिशेब तुम्ही बरोबर मांडलात, मग मेसवालीचा रविवारही त्याच हिशेबात धरा. तिच्यामागे ना युनियन आहे, ना पीएफ.

आमच्या घरीही मी सुट्टीला झोपायचो आणि बायको तेव्हा आठवड्याचं दळण करायची. हे मला रिटायर झाल्यावर दिसलं.

पहाटपक्षी
काका, आदर आहे, पण मूळ प्रश्न राहिला बाजूला. परीक्षेत कोणी विचारत नाही पोळ्या कोणी लाटल्या.

मेसकाकूंची लेक
तेच तर म्हणतेय. कोणीच विचारत नाही.

माजलगावकर
काकांचं वाचलं. १८९० चं मला माहीत होतं, नोट्समध्येही आहे, एका मार्काचा प्रश्न म्हणून पाठ केलेलं. रविवारबद्दल माझं चुकलं. आई तोडीला असताना पहाटे तीनला भाकरी थापते, हे लहानपणापासून बघत आलोय, तरी लिहिताना डोक्यात आलं नाही. खाड्यावर मात्र मी ठाम आहे. आदल्या रात्री सांगितलेला एक दिवसाचा खाडाही धरलाच पाहिजे.

आणि पहाटपक्षी, फोनचं विचारलंत. काल बघितलं. २ तास १० मिनिटं. तेवढं तुमचं मान्य. आता ‘गावी परत जावं’ हे मागे घ्या.

पहाटपक्षी
ते वाक्य मागे घेतो. रागात लिहिलं होतं. बाकीच्या लिखाणातला एक शब्द बदलणार नाही.

मेसकाकूंची लेक
एक दिवसाच्या खाड्याचं आईला विचारते. रात्री नऊच्या आत सांगायचं, ही अट ती घालणारच.