“आधी ३ वर्षं अनुभव आणा” म्हणणाऱ्यांना: तो अनुभव द्यायचा कुणी?

लॉगवाचक:
काल इथे एकांनी लिहिलं की सायबर सिक्युरिटीत अप्रेंटिस घेणं म्हणजे तिजोरीवर पोरं बसवणं, आधी ३ वर्षं नेटवर्किंग करा मग या. रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं. मी पुण्यात एसओसीत, म्हणजे सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या टीममध्ये, शिफ्ट लीड आहे. एल-वनला, म्हणजे पहिल्या पायरीवरच्याला, काम काय, तर सीमवर (सगळ्या मशीनचे लॉग गोळा करून इशारे देणारं सॉफ्टवेअर) अलर्ट आला की आयपी, म्हणजे मशीनचा नेटवरचा पत्ता, बघा, युजरला फोन करून विचारा लॉगिन तुम्हीच केलं का, खरं प्रकरण असेल तर वरच्या पायरीला, एल-टूला द्या, नाहीतर फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे खोटा इशारा, लिहून तिकीट (त्या अलर्टची नोंद) बंद. हे क्लासच्या पीपीटीतून येत नाही, जाणत्याच्या शेजारी बसूनच येतं, वायरमन असेच तयार झाले ना? कॉसमॉस बँकेत ११ ऑगस्ट २०१८ ला, शनिवारी, एटीएम व्यवहारांना परस्पर होकार देणारं खोटं प्रॉक्सी स्विच लावून पैसे काढायला सुरुवात झाली, ९४ कोटी गेले. ते शिकाऊ पोरांनी घालवले का? सुट्टीच्या दिवशी स्क्रीनवर डोळे ठेवायला माणसं लागतात, ती आणायची कुठून?

पॅकेटवाला:
दादा, मी केलीय अप्रेंटिसशिप. ९,००० स्टायपेंड, वाकडला कॉट बेसिसवर ५,५००, वर मेस. वर्षभर एक्सेलमध्ये लॅपटॉपचे सिरियल नंबर भरले, सीमचं लॉगिन शेवटपर्यंत दिलं नाही. कायद्याने अप्रेंटिस हा कामगारच नाही, अप्रेंटिस कायद्याचं कलम १८ वाचा. पीएफ नाही, नंतर ठेवून घ्यायची सक्ती नाही. ३० किंवा जास्त माणसं असली की कंपनीला २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, म्हणून आकडा भरायला आम्ही.

जुना_ॲडमिन:
कालचं मीच लिहिलंय आणि त्यावर ठाम आहे. आमच्याकडे एका ट्रेनीने रोज येतो म्हणून एक अलर्ट सलग ४ दिवस बंद केला, पाचव्या दिवशी फाइल सर्व्हर हल्लेखोरांनी एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेला. पोरगा रडला, पण क्लायंटसमोर मी उभा होतो. २०२२ पासून असा हल्ला सर्ट-इन या सरकारी सायबर संस्थेला ६ तासांत कळवावा लागतो. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधणारी व्यवस्था) म्हणजे काय हे माहीत नसलेल्याच्या हातात ते ६ तास देऊ?

लॉगवाचक:
४ दिवस त्याची तिकिटं कुणीच तपासली नाहीत, ही चूक पोराची की लीडची?

जुना_ॲडमिन:
तुम्ही तिथे नव्हता. २ लोकांत ३ शिफ्ट चालवून दाखवा, मग बोला.

लातूरकरीण:
भांडा तुम्ही, पण खरा अडथळा कुणी बोलतच नाहीये, इंग्रजी. झेडपीची शाळा, मग पॉलिटेक्निक. इंटरव्ह्यूत फिशिंग, म्हणजे फसवणुकीच्या, मेलचं हेडर (मेल कुठून कसा आला त्याची नोंद) दिलं, मी रिटर्न-पाथ, म्हणजे न पोचलेला मेल परत जायचा पत्ता, दिसणाऱ्या पत्त्याहून वेगळा आहे हे एका मिनिटात दाखवलं, उत्तर काय तर कम्युनिकेशन वीक.

पॅकेटवाला:
ताई, क्लायंट अमेरिकेचा असला की तिकीट इंग्रजीतच लिहावं लागतं, त्याला इलाज नाही.

लातूरकरीण:
तिकिटात १० वाक्यं असतात हो, तीच तीच! महिनाभरात पाठ होतात. हेडर वाचायला महिना पुरत नाही. २०२१ पासून पिंपरी-चिंचवडला एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मराठीतून आहे, त्या मुलांना पण हेच ऐकवणार?

जुना_ॲडमिन:
भावनेवर शिफ्ट चालत नाही. रात्री ३ ला ब्रिज कॉलवर, म्हणजे सगळ्यांना एकत्र जोडलेल्या कॉलवर, तिकडचा माणूस ओरडत असतो, तिथे अडखळलात की वेळ गेला.

लातूरकरीण:
एल-वनला ब्रिज कॉलवर बसवतं कोण? तुमचे आईवडील इंग्रजी बोलायचे का सर? सुरुवातीला तुम्हीही अडखळला असाल, कुणीतरी सांभाळून घेतलंच ना?

जुना_ॲडमिन:
आईवडिलांवर जायचं कारण नव्हतं.
...बरं. घेतलं सांभाळून. आमचे एक सीनियर होते, माझे मेल पाठवायच्या आधी वाचायचे, ६ महिने. पण त्यांच्याकडे वेळ होता, आज कुणाला आहे?

लॉगवाचक:
म्हणूनच म्हणतोय, दोघा अप्रेंटिसमागे एक जाणता नेमा, आणि त्या जाणत्याची तिकिटं कमी करा. पहिले ३ महिने फक्त बघायचा ॲक्सेस, अलर्ट बंद करायचं बटणच नाही. सरावाला वाझू हे सीम फुकट मिळतं.

जुना_ॲडमिन:
बंद करायचं बटण नसेल तर चालेल. तेवढंच मान्य, नेटवर्किंगची परीक्षा मात्र आधी घ्यायची.

पॅकेटवाला:
सीमचं लॉगिन पहिल्या महिन्यात मिळेल हे करारात लेखी द्या. धाकटा भाऊ डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, मग त्याला पाठवतो.