मदत हवी आहे : मे महिन्यात फिटचे नमुने जळगावपर्यंत कसे टिकवायचे?

रावेर-यावल पट्ट्यात ४५ ते ६५ वयाच्या लोकांसाठी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी ठरतेय. चाचणी फिट, म्हणजे शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी. ग्वायकपेक्षा (शौचातलं रक्त रसायनानं शोधणारी जुनी चाचणी) हीच बरी. खाण्याचं पथ्य नाही. अडचण उन्हाची. हिमोग्लोबिन उष्णतेनं मोडतं, आणि मग रक्त असूनही निकाल 'नाही' येतो. इटलीत फ्लॉरेन्सलाही उन्हाळ्यात पॉझिटिव्हचं प्रमाण घटलेलं दिसलं होतं, इथे तर पारा ४५ गाठतो!

नमुना घेताना चाचणीच्या नळीतल्या काडीनं शौचाला चार-पाच ठिकाणी खरवडायचं, काडीवरच्या खाचा भरल्या की पुरे. जास्त कोंबलं तर मोजमाप चुकतं. भांड्यातलं पाणी लागलं तरी नमुना वाया. उकिडवं बसायच्या संडासात केळीचं पान अंथरावं असं डोक्यात आहे (इथे पानांना काय तोटा).

कुणी लशीच्या डब्यात, आइसपॅक घालून एसटीनं नमुने पाठवलेत का? आत तापमान किती तास टिकलं? दुसरं, पॉझिटिव्ह आल्यावर 'मूळव्याधच असेल' म्हणून लोक कोलोनोस्कोपी (दुर्बिणीनं मोठ्या आतड्याची तपासणी) टाळतात; त्यांना अहिराणीत कसं पटवता? तयार मजकूर असेल तर टाका.